मागे बसणारीचे पाय

कमळू मोटारसायकल शिकला तेव्हा त्याचं वय सत्तेचाळीस होतं. डोळखांबच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. मुलगा अनिल आसनगावजवळच्या एका गोदामात कामाला लागला, दोन वर्षांनी त्याने नवी गाडी घेतली आणि जुनी बापाच्या दारात आणून लावली. कमळूने आठ दिवस तिला हातही लावला नाही. नवव्या दिवशी बायकोने म्हटलं, "अवो, आता लगनं येतील. शिका की जरा." मग तो शिकला. ती म्हणाली म्हणूनच शिकला, नाहीतर त्याला स्वतःला कुठे जायचं नव्हतं.

त्याची बायको चंद्रकला धवलारीण होती. लग्नघरी हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे धवले गाणारी बाई. ती आल्याशिवाय कितीतरी घरांत हळद लागत नसे. माघ उजाडला की तिला बोलावणी सुरू व्हायची, किन्हवली, सरळगाव, धसई, कधी थेट मुरबाडच्या पलीकडून. आधी ती पायी जायची, एसटीने जायची, जीपमध्ये दाटीवाटीने बसून जायची. चाळिशी उलटल्यावर तिला साखरेचा आजार निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या, त्या ती खायची आणि जायची.

गाडी आली खरी, पण कमळूला ती सुखाने चालवता येईना. आयुष्यभर चिखलात आणि बांधावर चाललेला त्याचा पाय पसरट, बोटं जाडजूड. गिअरच्या खटक्याखाली बोट घालायचं म्हणजे पाऊल वाकडं करावं लागायचं. ब्रेकसाठी तर आख्खा पाय उचलावा लागायचा. किन्हवलीपर्यंत जाऊन आला की अंगठ्याचं मूळ ठणकायचं आणि पोटरीला गोळा यायचा. गाडी म्हणजे असंच असणार, असं त्याने धरलं होतं.

किन्हवलीत संजूचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढे उंबराचं झाड. एकदा कमळू पंक्चर काढायला गेला, तेव्हा संजू चाकाकडे बघायचं सोडून त्याच्या पायांकडेच बघत राहिला.

"कमळूदा, जरा बसा गाडीवर. गिअर टाका. परत टाका."

कमळूने टाकला.

"लोकांना वाटतं गाडी हातानं चालते," संजू म्हणाला. "पायानं चालते. ही गाडी अनिलच्या पायाची हाय, तुमच्या नाय."

त्याने गिअरच्या खटक्याचा बोल्ट ढिला केला, खटका दांड्यावरून ओढून काढला आणि एक दाता वर सरकवून परत बसवला. मग ब्रेकचं पेडल खाली घेतलं, मागच्या चाकाजवळचा नट फिरवून ब्रेक पुन्हा जुळवला. पाच-दहा मिनिटांचं काम. कमळू नाक्यापर्यंत जाऊन आला आणि उतरायच्या आधीच ओरडला, "आरं, पाय पडतो तिथंच खटका हाय की रं!" तो इतका हसत होता की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

त्या दिवसापासून त्याला एक नादच लागला. इतक्या थोडक्यात माणसाला इतका आराम मिळतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग साहजिकच त्याचं लक्ष मागे बसणारीकडे गेलं.

चंद्रकला आधी दोन्ही पाय डावीकडे सोडून, साडीगार्डच्या पट्टीवर ठेवून बसायची. डोळखांबच्या उतारावर एका खड्ड्यात गाडी आपटली आणि ती घसरून रस्त्यावर बसली. लागलं काही नाही, पण भीती बसली. तिचं लुगडं काष्ट्याचं, गुडघ्यापर्यंतचं. कमळू म्हणाला, "दोनी बाजूला पाय टाकून बस."

"लोकं काय म्हंतील? धवलारीण बाप्यासारी बसली म्हंतील."

"म्हनू दे. पडलीस तर कोन गाईल?"

ती बसली. चार दिवस पाड्यावरच्या बाया हसल्या, मग त्यांना सवय झाली.

पण मागचे फुटरेस्ट उंच. तिचे गुडघे दुमडून पार वर यायचे. सरळगावच्या एका लग्नात ती गाडीवरून उतरली आणि उभीच राहू शकली नाही. दोन बायांनी काखेत हात घालून तिला मांडवात नेलं. कमळूने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी घरी तिला ओट्यावर बसवून, सुतळी घेऊन तो तिच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेऊ लागला. तिचा पाय त्याने मांडीवर घेतला होता. सून अपेक्षा भांडी घासत होती, तिला हसू आवरेना.

"आबा, चपला शिवताय का आईंना?"

"गाडीला पाय शिवतोय," तो म्हणाला.

गाठ मारलेली सुतळी खिशात घालून तो संजूकडे गेला. संजूने लोखंडी पट्ट्या कापून, भोकं पाडून, मागचे दोन्ही फुटरेस्ट चार बोटं खाली घेतले. डावीकडे काही अडचण नव्हती. उजवीकडे सायलेन्सर होता. त्यावरचं पत्र्याचं गार्ड नेमकं पट्टीला अडत होतं.

"गार्ड काढावं लागंल, दादा."

"मंग काढ."

"काढतो. पन वयनींना सांगा, टाच भायेर ठेवायची. उघडा सायलेन्सर लय तापतो."

कमळूने सांगितलं. चंद्रकलाने मान डोलावली. तिला ऐसपैस बसता यावं म्हणून तो स्वतः टाकीला चिकटून बसू लागला, तर त्याचेच पाय अवघडले. पुन्हा संजूकडे. गिअरचा खटका परत एक दाता खाली, ब्रेक परत वर. त्या दिवशी दुपारपर्यंत दोघं उंबराखाली गाडीच्या बाजूला आडवे पडून होते. सगळं झाल्यावर कमळूने तिला मागे बसवून सरळगावपर्यंत नेऊन आणलं.

"आता बरं वाटतं का?" त्याने मान न वळवता विचारलं.

"लय बरं वाटतं."

मग प्रत्येक फेरीत तो हे विचारायचा, आणि ती तेच उत्तर द्यायची. तेवढ्यावर त्याचा दिवस जायचा.

आता मागे वळून पाहिलं की त्याला सगळं दिसतं. तेव्हा दिसलं नाही. एकदा येताना तिच्या उजव्या पायातली चप्पल वाटेत कुठेतरी पडली. घरी उतरल्यावर ते त्याच्या ध्यानात आलं.

"पायातली चप्पल गेली तरी कळली नाय व्हय गो?"

"गान्याच्या नादात व्हते," ती म्हणाली. दोघं हसली. त्याने गाडी वळवून पार माळापर्यंत जाऊन ती शोधून आणली.

पुढे नवी चप्पल घेतली, तिची कड एका लग्नानंतर वितळलेली दिसली. कमळू रागावला. "टाच भायेर ठेव सांगितलं ना तुला!" तिने ठेवते म्हटलं. आणि ठेवतही असावी, जागी असेपर्यंत.

चैत्रात धसईला एक लग्न होतं. आदल्या दिवशीची हळद, दुसऱ्या दिवशीचं लग्न, दोन्हीला चंद्रकला बसून होती. तिचा आवाज तेव्हाही पहिल्यासारखाच होता, मांडवाबाहेर उभ्या असलेल्या माणसांना शब्द न् शब्द ऐकू जायचा. दुपारी तीनच्या सुमारास पाठवणी झाली आणि ती दोघं निघाली. ऊन रणरणत होतं. सरळगाव सोडल्यावर कमळूला पाठीवर वजन जाणवलं. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं होतं. झोप लागली होती तिला.

त्याला काय वाटलं ते तो आजही सांगतो. त्याला बरं वाटलं. गाडीवर झोप लागते म्हणजे पाय कुठे अवघडला नसणार, गुडघा दुखत नसणार. त्याने एक हात मागे नेऊन तिचा हात आपल्या कमरेभोवती धरून ठेवला. तिची झोप मोडू नये म्हणून गाडी अगदी हळू घेतली, खड्डे टाळत, दुसऱ्याच गिअरमध्ये, चढालासुद्धा जोर न करता. एरवी तासाभराचा रस्ता, त्याला त्या दिवशी दोन तास लागले. दोन्ही बाजूंना भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजत होते. पालापाचोळा, शेण, गवत, सगळ्याचा करपल्याचा वास हवेत भरून होता. त्यात आणखी कसला वास असेल, असं त्याच्या मनात आलं नाही.

पाड्यावर पोचल्यावर त्याने तिला जागं केलं. ती उतरली, पाणी प्यायली आणि आडवी झाली.

सकाळी अपेक्षाला सारवलेल्या जमिनीवर उजव्या पायाचे ओले ठसे दिसले. तिला वाटलं सासू मोरीतून आली. मग तिने बोट लावून पाहिलं, ते पाणी नव्हतं.

उजव्या टाचेची आतली बाजू घोट्यापर्यंत भाजली होती. कातडी निघाली होती. चंद्रकला स्वतःच वाकून बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तशी.

"कवा झालं ह्ये?" कमळूने विचारलं.

"मला काय ठावं?"

"दुखत नाय?"

"नाय."

दुखत नाही म्हणजे जखम वरवरची असणार, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं. हळद लावली, तेल लावलं. त्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तिला ताप आला आणि पाय घोट्याच्या वर काळपट दिसू लागला. मग दवाखान्यातली नर्स सारिका घरी आली. तिने फडकं सोडलं, एकदा बघितलं आणि तशीच उठून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता न्या. थांबू नका." शहापूरला नेलं, तिथून कल्याणला एका हॉस्पिटलात.

तिथली डॉक्टर अनिलच्या वयाची होती. तिने चंद्रकलाला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाचं टोक तिच्या चांगल्या, डाव्या तळव्याला लावलं.

"मावशी, लागलं की सांगा हं."

चंद्रकला डोळे मिटून वाट बघत राहिली. डॉक्टरने बोटांना टोचलं, चवड्याला टोचलं, टाचेला टोचलं. कमळू पायथ्याशी उभा राहून प्रत्येक टोचणी बघत होता. टोक पोटरीपर्यंत आलं तेव्हा कुठे चंद्रकला म्हणाली, "हां, आता लागलं."

"किती दिवस झाले असं?"

"दोन वर्सं आसतील. तीन आसतील."

"कुणाला सांगितलं नाही?"

तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. डॉक्टरने कमळूला बाहेर नेऊन समजावलं. साखरेने पायाच्या नसा मरतात. माणसाला काटा रुतलेला कळत नाही, विस्तव कळत नाही. कमळूला सगळं नीट समजलं. हे आणखी एकदा समजावून सांगू का, असं डॉक्टरने विचारलं, तेव्हा त्याने नको म्हणून हात हलवला.

उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

कपडे न्यायला तो एकदा घरी आला. गाडी अंगणात उभी होती. त्याने पाना घेतला, दोन्ही पट्ट्या सोडवल्या आणि दूर करवंदीच्या जाळीत फेकून दिल्या. अपेक्षाने दारातून पाहिलं. पुढच्या रविवारी अनिल गाडी घेऊन गेला.

चंद्रकला घरी आली ती पावसाच्या तोंडाला. पडवीत तिला खाट टाकून दिली. बाया यायच्या, बसायच्या. शिकाऊ पोरी धवल्यातला एखादा शब्द विचारायला यायच्या, तो ती सांगायची. पण गायली नाही. पडून आवाज लागत नाही म्हणायची. कमळू तिला उचलून मोरीपर्यंत न्यायचा, न्हाऊ घालायचा, उरलेला पाय रोज सकाळी उजेडात धरून बोटाबोटांमध्ये बघायचा. बोलायचा मात्र थोडं.

श्रावणात एक दिवस संजू आला. हातात केळी होती. अंगणात भिजत उभा राहिला, पडवीवर चढेना.

"वर ये रे," चंद्रकला म्हणाली.

"वयनी, गार्ड मी काढलं. माज्या हातानं काढलं."

"आरं, ये तर आधी वर. भिजतोस."

तो आला आणि खाटेजवळ खाली बसला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"आईक," ती म्हणाली, "तुज्या त्या पट्ट्यांवर मला लय आराम व्हायचा. गुडघं कवा दुखलं नाय. देवाची शपथ. तू मनाला लावून घेऊ नको."

संजू गुडघ्यात तोंड घालून रडला. मग चहा पिऊन गेला.

तो दिसेनासा झाल्यावर कमळू खाटेवर तिच्याजवळ बसला. त्या हॉस्पिटलानंतर जो प्रश्न त्याच्या छातीत बसला होता तो त्याने त्या दिवशी विचारला.

"खरं सांग. मी येवढं विचारायचो, बरं वाटतं का, बरं वाटतं का. तुला काय कळत व्हतं?"

तिने तोंड पावसाकडे वळवलं.

"गुडघ्याचं कळायचं. त्ये खरंच बरं व्हतं. पायाचं नाय कळायचं. पाय कुटं ठेवलाय त्ये वाकून बघावं लागायचं."

"मंग सांगितलं का नाय मला?"

"सांगितलं आसतं तर तुमी नेलं आसतं का लगनाला?"

नेलं नसतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

"घरात बसून काय केलं आसतं मी? माजं काय हाय दुसरं?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आन तुमी त्या दिशी माजा पाय मांडीवर घेतला ना, सुतळीनं मोजाया. आख्ख्या जल्मात कोनी माजा पाय असा हातात धरला नव्हता. तुमचा हात मला कळत नव्हता. नुस्तं दिसत व्हतं. त्या येळेला कसं सांगू, की मला काय लागतच नाय म्हून?"

कमळू उठला आणि पागोळ्यांखाली जाऊन उभा राहिला. अपेक्षाने त्याला हाक मारली, तरी तो आत आला नाही.

भाद्रपदात तिला पुन्हा ताप भरला. या वेळी डाव्या पायाला काही नव्हतं, कमळूने दहादा बघितलं. मूत्रपिंडं थकली होती, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा कल्याणला नेलं, पाच दिवसांनी त्यांनी घरी न्यायला सांगितलं. घरी तीन दिवस होती. तिसऱ्या दिवशी सकाळी, अपेक्षा भाकरी टाकत असताना आणि कमळू तिच्या उशाशी बसलेला असताना, ती गेली. तिच्या दिवसकार्याला मुरबाडकडून, किन्हवलीकडून इतकी माणसं आली की अंगणात उभं राहायला जागा नव्हती. ज्यांच्या लग्नात ती गायली होती अशा बाया आपली पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या.

प्रत्येक माणूस कमळूला एकच सांगून गेला. तुमची काय चूक? आजारच तसा. तुम्ही तर किती केलंत तिचं. अनिल तेच म्हणाला, सारिका तेच म्हणाली, व्याही तेच म्हणाले. कमळू मान हलवायचा. बाराव्यानंतर तो जेवायचा कमी झाला आणि कुणी तुमची चूक नाही म्हटलं की उठून जायचा.

नोंदीसाठी ग्रामपंचायतीत जायचं होतं. अपेक्षा त्याला घेऊन गेली. ग्रामसेवकाने हॉस्पिटलचे कागद मागितले, चाळले आणि वहीत लिहू लागला.

"काय लिवताय, भाऊसायब?" कमळूने विचारलं.

"मृत्यूचं कारण. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार."

"त्ये नाय. गाडीवर भाजली ती. माज्या गाडीवर. त्ये लिवा."

ग्रामसेवकाने पेन थांबवलं. "काका, कागदावर डॉक्टरने जे दिलंय तेच लिहावं लागतं."

"मी तिला खाली पाय घ्याया लावलं. गार्ड काढ म्हून मी सांगितलं. दोन तास तिचा पाय तापल्या लोखंडावर व्हता आन मी तिला झोपू दिलं. लिवा ना. माजं नाव लिवा."

"काका, तुमची काही चूक नाही हो यात."

कमळू टेबलाची कड धरून उभा राहिला. मग दाखवली तिथे त्याने सही केली, एकेक अक्षर जोडून, आणि बाहेर आला. अपेक्षा मागोमाग आली. पायरीवर तो थांबला.

"तू सांग गो," तो तिला म्हणाला. "तू समदं बघितलंस. माजी चूक व्हती का नाय?"

अपेक्षाच्या तोंडी तेच शब्द आले होते जे सगळे म्हणत होते. तिने सासऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळले.

"व्हती, आबा," ती म्हणाली. "तुमची व्हती. आईंनी लपिवलं, त्यांची बी व्हती. चप्पल वितळली त्या दिशी मी बी बघितली व्हती, मी बी सोडून दिलं."

कमळू तिथेच पायरीवर बसला आणि रडू लागला. हॉस्पिटलात तो रडला नव्हता, सरणाजवळ रडला नव्हता. आता त्याला आवरेना. अपेक्षा त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. डोळखांबकडे जाणारी एसटी समोर येऊन थांबली, माणसं चढली, कंडक्टरने त्यांच्याकडे बघून घंटी मारायला थोडा उशीर केला. ती दोघं उठली नाहीत. गाडी गेली.

त्या रात्री कमळू पोटभर जेवला, असं अपेक्षा सांगते. चूक त्याची आहे हे तिने पुन्हा कधी काढलं नाही, आणि त्यानेही पुन्हा कुणाला विचारलं नाही.